बर्फातलं गरम पाणी

जेद्दाच्या ट्रॅव्हल ऑफिसात टोकन घेऊन बसलेल्या दर्शनाला मागच्या खुर्च्यांवरून मराठी ऐकू आलं. मान न वळवता तिने कान तेवढे मागे धाडले.

"जपानला जाऊन गरम पाण्यात बसायचं? अगो, इथे उन्हाळ्यात थंड पाण्याचा नळ सोडला तरी अंग भाजतं. गीझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी घेतो आपण आंघोळीला!"

"अहो, तिथे बाहेर बर्फ असतो. गावभर गरम पाण्याचे झरे."

"आपल्या कोकणातलं तुरळचं गरम कुंड काय वाईट होतं?"

"तिथे तुमची अख्खी भावकी असते."

"पण गो, जपानात म्हणे सगळे कपडे काढून उतरायचं. परक्या पुरुषांत! मी नाही येणार."

"लग्नापासून एवढं एकच मागितलंय मी. आणि कुंडासकट वेगळी खोली मिळते. आपण दोघंच."

मागची खुर्ची करकरली.

"तिथला दिवा बंद करता येतो का, विचार."

"कशाला? वाफेने तुमचा चष्मा धुरकटणार. तुम्हाला काही दिसायचं नाही."

"मला नाही गो, पण तुला दिसेल ना!"

"मग मी डोळे मिटून बसते. करू बुकिंग?"

दर्शनाचा नंबर पुकारला गेला. ती उठली नाही.

"कर. पण अगदीच मिटू नकोस."