बाबांचा राहिलेला डाव

नाही, तुम्हीच सांगा, एक तार जोडायची होती हो! एका टोकाला नवा कोरा कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला बाबांच्या गेम पार्लरमधलं ते कपाटाएवढं मशीन, त्याच्या पोटात तो बोजड काचेचा जुना मॉनिटर, मध्ये तार, संपलं! आमचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कॉम्प्युटरपुढे बसायचाच पगार घेतो, तो काय म्हणाला? "भावोजी, पाच मिनिटांचं काम, तुम्ही चहा टाका." आता तुम्हाला सांगतो, आमच्याकडे ज्याने ज्याने पाच मिनिटांचं काम म्हटलंय, तो जेवूनच गेलाय.

तुम्ही म्हणाल, कशाला हा उपद्व्याप? द्यायचं भंगारात आणि मोकळं व्हायचं. अहो, मीही तेच म्हणत होतो! पण आईला कोण सांगणार? बाबा गेले, बाकीची मशीनं गेली, दुकानही एका चष्मेवाल्याला विकलं, भला माणूस आहे बिचारा, सोमवारी त्याला किल्ली द्यायची... आणि आई उठेना! पार्लरच्या मागच्या खोलीत एकटी, जेवण अर्धं ताटात, गोळ्या डबीत, आणि दिवसभर खुर्ची टाकून बसते त्या शेवटच्या बंद मशीनसमोर. मला झोप नाही हो. रोज जायचं, रोज म्हणायचं, आई घरी चल, आणि तिचं एकच, डाव राहिलाय.

डाव म्हणजे काय, तर आमच्या पार्लरचा नियम होता. सुरू असलेला डाव संपल्याशिवाय शटर पडायचं नाही. एखादं कार्टं मशीनला चिकटलंय, आई मागून जेवायला हाका मारतेय, बाबा आपले अर्धं शटर ओढून उभे! आणि असा माणूस स्वतः गेला कसा? डाव खेळता खेळता. छातीत कळ आली, मशीनचा खेळायचा दांडा हातातच, खाली बसले, धावपळीत कोणीतरी मशीनची वायर ओढली. बाबा गेले आणि मशीनच्या आतलं सर्किटही गेलं. ते दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही. पण तोच खेळ आता कॉम्प्युटरवर मिळतो म्हणे. म्हटलं, झालं तर! चित्र तेवढं जुन्या काचेवर आणायचं, आईसमोर एक डाव खेळायचा, हरायचा, चल आई घरी. एक तार जोडायची होती, बाकी काही नाही.

मागचं फळकूट काढलं, तर तार एक नाही, पाच! लाल, हिरवी, निळी, अर्थिंगची काळी आणि एक पिवळी. ही कशाला, तर म्हणे ही ताल धरते, हिच्याशिवाय चित्र जागेवर उभं राहत नाही. आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागे बघावं तर या पाचजणींपैकी एकीलाही बसायला जागा नाही! मग जुन्या पद्धतीचं कार्ड शोधा, ते घाला, तारा सोला, जोडा, खेळायचे दोन्ही दांडेही कॉम्प्युटरला जोडा... जोडल्या, दोन्ही बटणं एकदम दाबली, आणि काच अशी किंचाळली, अशी किंचाळली, की मेव्हणा टुणकन उडून माझ्यामागे! मग साहेबांना आठवलं की नवा कॉम्प्युटर चित्राच्या रेघा धडाधड पाठवतो आणि ही जुनी काच निम्म्या वेगानं रेघा ओढणारी, तिला झेपत नाही. त्याला हळू बोलायला शिकवायचं. शिवाय सुरू होताना तो ओरडतच उठतो, म्हणून तो पुरता उठून शांत होईपर्यंत काचेचं बटण दाबायचं नाही. आमचे मोठे मामा असेच उठायचे, मामी तोंडसुद्धा दाखवायची नाही.

मी आत हात घालायला गेलो तर मेव्हण्यानं मनगट धरलं. "हात नका लावू. बंद असली तरी आत असते."

"काय असते?"

"वीज हो! काचेत दडून बसते, कितीतरी दिवस."

तर मागून आई म्हणते, "मी तेच सांगतेय कधीपासून."

आम्ही दोघांनी वळून बघितलं. ती काचेकडे बघत होती. काच काळीठिक्कर, पण खेळातली मधली पांढरी रेघ मात्र अंधुक दिसतेय... घाबरू नका, त्याला कारण आहे, वर्षानुवर्षं एकच चित्र चालू ठेवलं की ते काचेवर भाजून बसतं. हे मला माहीत होतं. तरीपण मी जरा बाजूला सरकलो.

बरं, वेळ कोणती? भरदुपार! दारातून ऊन आलेलं, शेजारी शिंप्याचं मशीन खडखडतंय, अशा वेळी कोणाला भीती वाटेल? आधी कॉम्प्युटर उठू दिला, मग काच. ही काच सुरू झाली की एक बारीक शिट्टी वाजते, ती म्हणे फक्त तरुण कानांना ऐकू येते. मला काही ऐकू आलं नाही, आणि आई, जिला कानाला यंत्र लावूनही दाराची बेल समजत नाही, ती यंत्र काढून मांडीवर ठेवत म्हणाली, "आले."

आणि चित्र लागलं हो! साधा खेळ, डावीकडे एक पट्टी, उजवीकडे एक पट्टी, मध्ये टोलवायचा चेंडू. जिंकला तो पुढचा डाव खेळत राहणार, हरला की खेळ खलास. आता सुरुवातीला शून्य-शून्य दिसायला हवं की नको? दिसलं बारा-दहा! मेव्हणा म्हणतो जुना डेटा असेल. अरे जुना कुठला, कॉम्प्युटर परवा खोक्यातून काढलाय! आई म्हणाली, इथेच तर सोडला होता. इतकं साधं म्हणाली, जणू भाजीचा भाव सांगतेय.

मी दांडा धरायला हात पुढे केला... आणि दांडा हलला. आपोआप. जरासाच, मनगटातल्या मनगटात. बाबांचा हात असाच होता, उगाच झटापट नाही. पट्टी सरकली, चेंडू टोलवला, तेरा! मेव्हणा म्हणे, "भावोजी, स्प्रिंग ढिली असेल." अरे, ढिली स्प्रिंग जिंकते का? तेरा, चौदा, पंधरा, डाव जिंकला, पुढचा सुरू, तोही जिंकला! मेव्हण्याला एकदम मीटिंग आठवली. रविवारी! चहा तसाच टाकून गेला, ते पाच मिनिटांचं काम माझ्या गळ्यात बांधून.

राहिलो मी, आई आणि... ते. ऊन उतरलं तरी बाबा जिंकतच होते. मी म्हटलं, एक तार जोडायची होती ग, ही कुठली पीडा! मग घाबरत तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "आई, थकतील ना कधीतरी?"

"जिवंत होते तेव्हा थकले नाहीत."

तेव्हा मात्र खरा घाबरलो. भुताची नाही, तुम्हाला खरं सांगतो, आईची भीती वाटली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की ती आता जन्मात उठणार नव्हती. उद्या चष्मेवाला दारात उभा राहणार आणि मी आईला काय ओढत नेऊ? मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. तिनं बघितलं. मग म्हणाली, "तो दुसरा दांडा धर. तू समोर असलास की हरतात ते."

हरतात? म्हणजे काय, हरतात? अहो, मी हरवायचो त्यांना! अख्ख्या पार्लरमध्ये बाबांना हरवणारा मी एकटा होतो! शाळेत सांगितलंय, ऑफिसात सांगितलंय, बायकोला बघायला गेलो तेव्हा दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून तेही सांगितलंय! आई नुसती बघत राहिली. आयांचं ते बघणं तुम्हाला माहीत असेलच.

म्हटलं ठीक आहे, आज होऊन जाऊ दे! बसलो. दात-ओठ खाऊन खेळलो, घामाघूम झालो, चौदा-चौदा! आणि शेवटचा चेंडू मी मारला तो सरळ, अगदी मधोमध, रांगतं पोर टोलवील असा. त्यांची पट्टी तिथेच होती, अंगठ्याभर अंतरावर. दांडा हललाच नाही. कोणीतरी अलगद हात काढून घेतल्यासारखा उभा राहिला.

खेळ संपला. आई उठली, बटण बंद केलं, पिशवी उचलली आणि म्हणाली, चल, सून वाट बघत असेल. आता घरी आहे, जेवते, गोळ्या घेते, माझ्या बायकोच्या भाजीला नावं ठेवते, सगळं झकास. मग माझी तक्रार काय? अहो, तक्रार बाबांची आहे! पन्नाशी उलटली माझी, केस गेले, गुडघे गेले, आणि हा माणूस मेल्यावरसुद्धा मला एक डाव स्वतःच्या जोरावर जिंकू देत नाही!