दारावरची पिवळी पाटी

"हॅलो?… हो, मीच. साइटवरच आहे… नाही, आवाज चढवलेला नाही. मी कधी चढवते का?"

खरंच चढवला नव्हता. ताईचा राग खालच्या पट्टीत यायचा आणि धाकट्या बहिणीला तो तसाच जास्त झोंबायचा. दोघींचं मिळून आर्किटेक्टचं ऑफिस. इमारतीत वावरणाऱ्यांना काय हवं ते विचारून थोरली ब्रीफ लिहायची, धाकटी त्यावरून काम उभं करून घ्यायची. आत्ता थोरली अंध मुलींच्या नव्या शाळेच्या पॅसेजमध्ये उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्यात ओला रुमाल.

"कोणाला काय? सहावीतल्या मुलीला. वॉर्डनबाई तिला नवी शाळा दाखवायला घेऊन आल्या होत्या… कपाळाला. हे एवढं टेंगूळ… नाही, रडली नाही. मला विचारते, 'बाई, इथे भिंत एकदम पुढे कशी आली?' काय सांगू मी तिला?… दार कोणी उघडं ठेवलं ते सोड! दार उघडायलाच असतं, बये!"

"अगं ऐक ना… मध्ये बोलू नकोस. तीन दिवस मी त्या मुलींबरोबर जुन्या शाळेत चालले. हाताची पाठ भिंतीला लावून चालतात त्या. म्हणून ब्रीफच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, सगळी दारं भिंतीत खोल घ्या, उघडली तरी फळी पॅसेजमध्ये येता कामा नये… आगीचा नियम मला नको शिकवूस. दारं बाहेरच उघडायला हवीत, म्हणूनच तर आत घ्या म्हटलं! कुठे गेलं ते वाक्य?"

पलीकडून बराच वेळ काहीबाही चाललं होतं. ताईने रुमालाची घडी उलटी केली.

"छोटं केलंस? अठरा पानांची चार?… कंत्राटदार वाचत नाही म्हणून? मग त्याच्यासमोर बसून वाचायचं होतंस!… दारं आत घेतली की वर्ग लहान होतात, असं कोण म्हणालं? संस्थेचे अध्यक्ष. वर्षातून एकदा भाषणाला येतात ते. त्यांना डोळे आहेत गं!"

"आणि जोखमींचा तक्ता. तुझ्या सहीचा. इथे भिंतीलाच चिकटवलाय, आत्ताच बघितला. वाचू?… नाही, ऐकच तू. 'धोका: दारावर आपटणे. शक्यता: कमी. उपाय: दारावर ठळक पिवळ्या अक्षरांत सूचनेची पाटी लावणे.'"



"हॅलो?… आहेस ना?… पिवळ्या अक्षरांत. वाचणार कोण?… मागच्या, डोळस मुलांच्या शाळेचा तक्ता उचललास आणि वरचं नाव बदललंस… हो, घाई होती. तुला लहानपणापासून घाईच. अर्धी वेणी घालून पळायचीस. पण तेव्हा नुसती रिबन हरवायची."

"काय?… मऊ पट्टी लावू कडेला?… सवय होईल? पुन्हा म्हण… म्हण ना. शंभर पोरींच्या कपाळांना सवय लावणार तू?… वर गवंडी चौकटी बसवतोय, ऐकू येतंय ना? मी थांबवायला गेले, तर तोंडावर म्हणाला, छोट्या मॅडमनी सांगितल्याशिवाय थांबणार नाही."

"कुठे पोचलीस?… फाटकात? बरं. पायऱ्या चढ. चढलीस?… आता डोळे मीट. थट्टा नाही करत. मीट म्हणते ना! डाव्या हाताची पाठ भिंतीला लाव आणि चालत ये. फोन राहू दे कानाला."

पॅसेजच्या टोकाला धाकटी दिसली. डोळे घट्ट मिटलेले, पाऊल बिचकत. पहिलं दार बंद होतं, दुसरंही. तिसरं, ती मुलगी आपटली तेच, सकाळपासून तसंच उघडं होतं. रागाच्या भरात ताईने ते नंतरही मुद्दामच बंद केलं नव्हतं.

"ये… घाबरू नकोस… सरळ ये."

तिसऱ्या दाराशी धाकटीच्या हाताखालची भिंत संपली. हात आतल्या पोकळीत चाचपडत राहिला आणि कपाळ पॅसेजमध्ये आलेल्या फळीकडे गेलं. ताईला बघवेना. तिचा हात आपोआप मध्ये गेला, ओल्या रुमालासकट. कपाळ तळहातावर आदळलं, बोटं दाराच्या कडेवर ठेचली.

दोघी हातभर अंतरावर उभ्या होत्या, तरी दोघींचेही फोन कानालाच.

"उघड डोळे… लागलं का तुला?… माझं राहू दे. आज मी इथे आहे. उद्यापासून एकेका दाराशी असा हात मध्ये धरून कोण उभं राहणार?… रडू नकोस. ती पोर नाही रडली… वर जा. तुझ्या तोंडाने सांग त्या गवंड्याला… हो, खालची दारं पण. सगळी काढायची… अध्यक्षांशी मी बोलते. हळूच बोलते, काळजी नको… जा. ठेव फोन."

धाकटी डोळे पुसत जिना चढली. वर हातोडा चालूच होता. ठेचलेली बोटं रुमालात गुंडाळून, तो आवाज थांबेपर्यंत ताई त्या दाराशी उभी राहिली.