गमलिएलदादांची लांब प्रार्थना

सलाम, मंडळी, सलाम! पुढं सरका, पुढं सरका—मागं भिंतीला टेकून बसलं की कीर्तन कमी अन् डुलकी जास्त होते!

आज एक प्रश्न घेऊन आलोय. समजा, तुमचं पोट दुखतंय. गडाबडा लोळताय! दवाखान्यात गेलात, डॉक्टरनं विचारलं, "काय होतंय?" अन् तुम्ही म्हणालात, "डॉक्टरसाहेब, आमच्या शेजाऱ्याला फार खोकला आहे हो!" सांगा, तुमचं पोट थांबेल का? हसू नका! दर बुधवारी प्रार्थनासभेत बसून आपण हेच करतो. मग विचारतो, प्रभू बरं का करत नाही? अरे बाबा, तू दुखणं दाखवलंस कुठं?

परक्यांचे व्रण । सांगसी कशाला ।
आपुल्या घावाला । दावी देवा ॥

वाजवा टाळ! अहो पेटीवाले, जागे आहात ना?

ऐका. नगर जिल्ह्यात बोरखडी नावाचं गाव. गावाच्या कडेला आपल्या लोकांची वस्ती, मध्ये छोटंसं चर्च, अन् चर्चचे पंच गमलिएलदादा शिरसाठ. माणूस सरळ! दारू नाही, तंबाखू नाही, चर्चला उशीर नाही. एकच गोष्ट होती—प्रार्थना! दादा प्रार्थनेला उभे राहिले की बाया हळूच उठून चुलीवरचा भात उतरवून यायच्या. परत आल्या तरी दादा चालूच!

अन् प्रार्थना कशी? "हे स्वर्गीय पित्या, तुला ठाऊकच आहे—" अहो, ठाऊक आहे तर सांगता कशाला? पण नाही! "तुला ठाऊकच आहे, की आमच्या गल्लीत हापशासमोर, निळ्या दरवाजाच्या घरात, सासू-सुनेचं पटत नाही. प्रभू, नाव घेत नाही—" घेता कशाला? निळा दरवाजा एकच आहे! "त्या सुनेला उष्टी भांडी सकाळपर्यंत न ठेवण्याची बुद्धी दे!" बिचारी सून तिथंच बसलेली. डोळे मिटलेले, कान लाल!

लोक वैतागले, पण बोलणार कोण? चुगली केली असती तर भांडता आलं असतं. प्रार्थनेशी भांडायचं कसं? शेवटी "आमेन" म्हणावं लागतं!

आता या दादांना एक मुलगी. केजिया. बालवाडीत शिकवायची. मोठी गुणाची पोर. तिचं लग्न ठरलं श्रीरामपूरकडच्या ओबेदशी. पोरानं पोरीला पसंत केलं, पोरीनं पोराला—केजिया तर इतकी खूश, की बालवाडीतल्या पोरांना ओ ओठाचा शिकवताना ओ ओबेदचा म्हणाली! ओबेदचे वडील नथनेलराव. शांत, कमी बोलणारा गृहस्थ. त्यांची बायको दादांच्या बायकोला, तबिथाबाईंना, स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "विहीणबाई, आता घरचंच नातं झालं म्हणून सांगते. आमचे हे पूर्वी प्यायचे. फार प्यायचे. प्रभूनं सोडवलं. आता वासही घेत नाहीत."

तबिथाबाईंनी ते रात्री नवऱ्याला सांगितलं. अहो बाई! सांगून सांगून कुणाला सांगितलंत!

पुढच्या बुधवारी ओबेदच्या घरचे पाहुणे आले. दादांच्याच घरी प्रार्थनासभा. घर गच्च भरलेलं. दादा उभे राहिले. "हे पित्या, आमच्या या व्याह्यांना तू बाटलीतून बाहेर काढलंस! पुन्हा बाटलीकडं त्यांची नजर जाऊ देऊ नकोस! गुत्त्यावरून जाताना त्यांचे पाय आवर!"

नथनेलरावांनी डोळे उघडले. उठले. बाहेर जाऊन चपला घातल्या. ओबेद मागं धावला, बायको मागं धावली. दादांचे डोळे मिटलेले—चालूच! आमेन म्हणून बघतात, तर निम्मं घर रिकामं.

सकाळी निरोप आला. लग्न नको.

केजिया रडली नाही. बापासमोर उभी राहिली. म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझ्यासाठी कधी प्रार्थना केलीत, तर मनातल्या मनात करा." अन् आत गेली. मंडळी, लेकीचं असं वाक्य काळजात सुरीसारखं जातं! पण दादा काय म्हणाले? "मी प्रार्थनाच केली ना! शिवी दिली का?"

तरातरा गेले चर्चच्या पाळकसाहेबांकडं. "साहेब, त्या नथनेलच्या गर्वासाठी प्रार्थना करू या!"

पाळकसाहेब मिसाळ म्हणजे काडीपैलवान माणूस, पण नजर पक्की. म्हणाले, "करू या. मी त्यांना बुधवारी हात जोडून घेऊन येतो. प्रार्थना तुम्हीच करा, दादा. अट एवढीच—दुसऱ्या कुणाची गोष्ट काढायची नाही. तुमच्यापुरतं बोला."

"एवढंच? सोपं आहे!"

सोपं! मंडळी, सोपं म्हणाले हो!

बुधवार आला. सभा पुन्हा दादांच्याच घरी. नथनेलराव आले, दाराशीच बसले—चपला हाताला लागतील अशा बेतानं. केजिया आतल्या दारात उभी. दादा उठले. "हे स्वर्गीय पित्या! तू आकाश केलंस, पृथ्वी केलीस, समुद्र केलास—" झक्क चाललंय! मासे झाले, पाखरं झाली, गुरंढोरं झाली. शेवटी माणसापर्यंत आले.

"प्रभू, आमच्या गल्लीत काही लोक—"

पाळकसाहेब खोकले.

"प्रभू, या मंडळीतली एक बहीण—"

पुन्हा खोकला.

"प्रभू, एक इसम आहे, नाव घेत नाही, पण एका पायानं लंगडतो—"

साहेबांना अशी उबळ आली, की कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला!

दादा थांबले. आयुष्यभर देवाशी बोललेला माणूस, अन् स्वतःबद्दल बोलायला एक शब्द सापडेना! तबिथाबाईंनी एक डोळा उघडला. मग सगळ्यांनीच उघडले. निळ्या दरवाजावाल्या सुनेनं तर दोन्ही टक्क उघडले!

मग दादांचा आवाज आला. बारीक.

"प्रभू... लोकांची दुखणी सांगितली, की लोक मला मोठा म्हणतात. मला ते गोड लागतं. मी त्यांच्यातल्या एकासाठीसुद्धा रडलो नाही. माझ्या पोरीचं लग्न मोडलं, तर मला आधी माझ्या अब्रूचं वाटलं." दादांना हुंदका आला. "मी आजारी आहे रे, प्रभू. मला बरं कर."

संपली! बोरखडीच्या इतिहासातली सगळ्यात लहान प्रार्थना! अन् मी सांगतो, मंडळी, छपराच्या वर गेलेली दादांची ती पहिलीच.

आमेन म्हणायचं कुणाला सुचेना. दाराकडून आवाज आला—"आमेन." नथनेलराव! उभे राहिले. म्हणाले, "मी दारुडा होतो. बायकोचं मंगळसूत्र विकून प्यायलो. प्रभूनं मला गटारातून उचललं. ही माझी साक्ष आहे, दादा. लग्नात, सगळ्यांसमोर, मी स्वतःच्या तोंडानं देणार होतो. तुम्ही ती माझ्या तोंडातून काढून घेतलीत."

दादांनी खाली वाकून त्यांचे पाय धरले. नथनेलरावांनी त्यांना वर उठवलं, अन् दोघे म्हातारे गळ्यात पडून असे रडले, की ओबेद अन् केजिया एकमेकांकडं बघून हसायला लागले! नथनेलराव डोळे पुसत म्हणाले, "पाळकसाहेब, रविवारी चर्चमध्ये लग्नाचा पुकार वाचा, सगळ्यांना कळू दे. फक्त जेवणाची प्रार्थना आमच्या व्याह्यांना देऊ नका—अन्न गार होतं!"

दादा एका दिवसात बरे झाले का? छे! जुनं दुखणं आहे, पथ्य लागतं. पुढच्याच महिन्यात उभे राहिले, "हे पित्या, पलीकडच्या गल्लीत—" अन् स्वतःच खोकले! स्वतःच हसले! अन् खाली बसले. मला विचाराल तर हीच बरं होण्याची खूण.

आता तुमच्याकडं येतो. हं, आता कसे खाली बघायला लागलात! कीर्तन ऐकताना किती जणांना वाटलं, "हे आमच्या जावेनं ऐकायला हवं होतं"? तिसऱ्या रांगेतल्या बाई, मघापासून नवऱ्याला कोपरानं ढोसताय, मी बघतोय! अन् काका, तुम्ही हसू नका, तुम्ही भावाकडं बघत होतात!

येशू वैद्य आहे, मंडळी. दुखणाइतांसाठीच आलाय. त्याला तुमच्या पापाची किळस येत नाही, त्याचा हात तुमच्या जखमेला पुरतो. पण जखमेवरचं फडकं तुम्ही सोडायला हवं. शेजाऱ्याची काळजी करू नका, त्यालाही देवानं तोंड दिलंय. त्याचं तो सांगेल.

मिटा डोळे. पाखरं नकोत, समुद्र नको. बोला माझ्यामागं, ज्याचं त्यानं, हळू—

"प्रभू, दुखणं माझं आहे. मला बरं कर."