नवरीचा मेकअप

"नवरीसाठी ना? मग फाउंडेशनच्या आधी प्रायमर लावा, आंटी."

काउंटरवरची मुलगी म्हणाली. वसईच्या त्या मेकअपच्या दुकानात क्षितिजा आंटींच्या मागेच रांगेत उभी राहून ऐकत होती.

"नको. चारला चर्चमध्ये मिस्सा आहे, सहापर्यंत आटपेल सगळं."

"तरी घ्या. या उकाड्यात घामाने मेकअप ओघळतो."

"तिला नाही येणार घाम."

"चर्चमध्ये रडली तर?"

"रडायला आम्ही आहोत, बाय. लग्न पुढच्या महिन्यात होतं. शिवून आलेला गाऊन आज सकाळी आम्हीच घातला तिला. पेटी बंद होण्याआधी सगळे चेहरा बघतील, म्हणून कपाळावरचे टाके तेवढे झाकायचेत."

काउंटरवरच्या मुलीने प्रायमरची ट्यूब मागे ठेवली.

"थांब. दे ती पण."

"खरंच गरज नाही, आंटी."

"माहितेय. तिने लिहून ठेवलेल्या यादीत आहे."