वहिनीचं रडणं

नम्रता : वहिनी, घोटभर पाणी तरी पिऊ दे. आसनगावपासून रिक्षात कोंबून आणलंय आम्हाला.

चंदा : माठ तिथंच हाय, पी. पण मी विचारलं त्याचं आधी सांग. टाळ्या वाजल्या का?

नम्रता : कसल्या टाळ्या?

चंदा : मुंबईत. तुझ्या कार्यक्रमात. मी रडते ते लावलंस ना मोठ्या आवाजात? ते संपल्यावर माणसांनी टाळ्या वाजवल्या का, एवढंच विचारते.

नम्रता : तुला कोणी सांगितलं?

चंदा : म्हणजे वाजल्या.

नम्रता : तसं नाही ते. ऐक ना. आमचं मासिक आहे, 'गलबला', मी ज्याची पानं लावते...

चंदा : माहीत हाय. दर दिवाळीला गठ्ठा आणून टाकतेस फडताळात.

नम्रता : त्याला दहा वर्षं झाली. म्हणून दादरला महोत्सव केला आम्ही. प्रायोगिक संगीताचा. म्हणजे गाणी नाहीत, पेटी-तबला नाही. साधे आवाज घ्यायचे आणि त्यातून काहीतरी उभं करायचं. कोणी पाण्याच्या पंपाचा आवाज आणला, कोणी पत्र्याचा. आणि मला पहिल्यांदाच म्हणाले, नम्रता, तुझं काहीतरी कर. इतकी वर्षं दुसऱ्यांचीच पानं लावत होते मी.

चंदा : कोणी पंप आणला, कोणी पत्रा आणला. तू मला नेलंस.

नम्रता : वहिनी, ते वाल सोलायचे थांबव जरा. माझ्याकडे बघ.

चंदा : हात चालू राहू दे. थांबला तर तुझ्यावर उठेल.

नम्रता : मला बोलू तर दे.

चंदा : तुझा भाऊ अंगणात निजवलेला. अंगावर चादर. मी त्याच्या पायाशी. आणि तू त्या खांबाला टेकून उभी होतीस, मला आठवतं. मला वाटलं, पोरीला धक्का बसलाय, दगड झालीय. आणि तू फोन चालू करून उभी होतीस?

नम्रता : हो.

चंदा : हो म्हणते! तोंड वर करून हो म्हणते!

नम्रता : मग काय म्हणू? केलंय ते केलंय. पण का केलं ते एकदा तरी विचार. सगळ्या बाया तुझ्याभोवती होत्या. तुला धरत होत्या, तुला पाणी पाजत होत्या. माझाही भाऊ गेला होता, वहिनी! मी मुंबईहून पोचले तोवर इथं सगळा आकांत उठला होता, आणि मला रडूच येईना. बाया बघायला लागल्या, सख्खी बहीण आणि डोळ्यात टिपूस नाही. फोन हातात होता. मी तो चालू केला. का, ते मलाही माहीत नाही. नंतर खोलीवर गेले की दार लावून ते ऐकायचे, तेव्हा कुठे रडू यायचं. तुझ्या आवाजावर रडलेय मी दादासाठी. किती दिवस.

चंदा : मंग तेवढ्यावर ठेवायचं होतंस.

नम्रता : वहिनी...

चंदा : तुझ्या रडण्यासाठी ठेवलंस तर ते तुझं. मी एक शब्द बोलले नसते. तिकीट लावून लोकांना ऐकवायला कोणी सांगितलं?

नम्रता : तिकीट नव्हतं.

चंदा : फुकट होतं? लय बरं केलंस.

नम्रता : मी नावं सगळी काढली होती. गावाचं नाव, तुझ्या लेकीचं, मनालीचं नाव. आणि नुसतं तुझं रडणं नव्हतंच ते. त्याच्याखाली मी दुसरे आवाज लावले होते. वारा, घरघंटी...

चंदा : काय?

नम्रता : कुंडलिककाकांची पिठाची घरघंटी. तिची घरघर हळूहळू वाढत जाते आणि...

चंदा : माझ्या रडण्यावर तू चक्की चालवलीस?

नम्रता : असं म्हटलं की ते वेडपटच वाटणार.

चंदा : मंग कसं म्हणू? तूच सांग. तू शिकलेली, तुला येत असेल चांगलं म्हणता.

नम्रता : तुला सांगितलं कोणी, ते सांग ना. शेजारच्या प्रज्वलने?

चंदा : त्याच्यावर जाऊ नको. पोरगं कौतुकानं बघत होतं, आमच्या गावची नम्रताताई मोबाइलवर आली म्हणून. बघता बघता त्याच्या लक्षात आलं, हा आवाज चंदाकाकूचा. त्यानं बंद केला. पण बाजूला त्याची बहीण बसलेली, प्रियांका. ती मनालीच्या वर्गात. दुसऱ्या दिवशी शाळेत गेला तो आवाज. नाव काढलं म्हणतेस. माझा आवाज ओळखायला इथं नाव लागतं का गो? रोज मी हाका मारते त्या पोरांना.

नम्रता : मनालीने ऐकलं?

चंदा : मधल्या सुट्टीत ऐकवलं तिला. चार पोरी गोळा झाल्या. काय ऐकवलं ते सांगू? तुला पाठ असेल, तरी सांगते. "मीच घालवला रे तुला, मीच म्हटलं, जा खळ्यावर, मर तिकडं."

नम्रता : वहिनी, नको.

चंदा : का? तिथं चालतं, इथं नको? मी म्हटलं होतं, मर तिकडं. रागाच्या भरात बाई म्हणते, हजारदा म्हणते, नवरा हसून सोडून देतो. त्या रात्री तो गेला खळ्यावर, भाताच्या भाऱ्यांच्या उडवीच्या कडेला निजला, आणि मण्यार चावली. मी ते बोलले तेव्हा माझं मला भान नव्हतं. मनाली तेव्हा माझ्या माहेरी होती, मुरबाडला, दिवाळीच्या सुट्टीत. तिला आणेपर्यंत माझा आवाजच बसला होता. तिला यातलं काय माहीत नव्हतं. आता माहीत झालं. एका पोरीनं तिला तोंडावर विचारलं, तुझ्या आईनं तुझ्या बापाला का हाकलला?

नम्रता : मी आत्ताच्या आत्ता काढायला लावते ते. थांब. तुझ्यासमोर लावते फोन.

चंदा : मला ऐकू येईल असा लाव.

नम्रता : स्पीकरवर आहे. आमचा संपादक आहे, भाविक... हॅलो, भाविक?

भाविक : नम्रता! अगं आहेस कुठे? सकाळपासून मेसेज येताहेत. तुझा पीस सगळ्यात जास्त ऐकला गेलाय. आपल्याला दहा वर्षांत इतके लोक कधी मिळाले नव्हते.

नम्रता : भाविक, माझा व्हिडिओ काढून टाक.

भाविक : काढून टाक म्हणजे? साउंड नीट नाही का आला?

नम्रता : साउंड नीट आहे. काढून टाक. वहिनीने ऐकलंय.

भाविक : पण त्यांची परवानगी आहे ना? तू सगळ्यांसमोर म्हणालीस, वहिनीला विचारलंय, तिला अभिमान वाटला म्हणून.

चंदा : कुणाला वाटला?

भाविक : कोण बोलतंय?

चंदा : दे इकडं तो फोन. दे म्हणते ना! हॅलो. मी चंदा बोलते. त्यात रडते ती मी.

भाविक : ओह... नमस्कार, ताई. ताई, मला खरंच कल्पना नव्हती. पण एक सांगू का, हॉलमध्ये कोणी जागचं हललं नाही. लोक अक्षरशः रडत होते.

चंदा : रडून मंग काय केलं त्यांनी?

भाविक : म्हणजे?

चंदा : रडले ना? मंग पुढं काय केलं?

भाविक : पुढे... मध्यंतर होतं. चहा होता.

चंदा : आमच्या अंगणात पण बाया रडल्या, दादा. आमची गोदी वाडीवरनं धावत आली. मी कपाळ आपटत होते, तर तिनं माझ्या कपाळाखाली आपला हात घातला. हात फुटला तिचा. आमचं भात खळ्यावर तसंच पडलेलं, ते त्या बायांनी झोडून दिलं, कोणी बोलावलं नव्हतं त्यांना. आणि मी काय काय बोलले ते त्यांनी सगळं ऐकलं. एकीनं कुठं तोंडातनं काढलं नाय आजपर्यंत. तीन वर्षं झाली. बाई रडताना बोलते ते ऐकायचं असतं. घेऊन जायचं नसतं.

भाविक : ताई, आमची चूक झाली. पण ती कलाकृती म्हणून...

चंदा : तुमची आई हाय?

भाविक : आहे.

चंदा : तिचं लावा पुढच्या वर्षी.

भाविक : काढतो, ताई. मी लगेच काढतो.

चंदा : घे तुझा फोन.

नम्रता : काढेल तो. शब्दाचा पक्का आहे.

चंदा : आणि तू? मला अभिमान वाटला म्हणून सांगितलंस?

नम्रता : त्यांनी विचारलं. मी पटकन बोलून गेले.

चंदा : मला विचारायला भ्यालीस आणि माझ्या नावानं खोटं बोलायला नाय भ्यालीस. मी काय म्हटलं असतं ते ठाऊक होतं तुला, म्हणून विचारलं नाय. तुझ्या भावाच्या मागं मी तुला परकं केलं का? तुझी खोली तशीच ठेवली. तांदूळ झाला की तुझं पोतं आधी बाजूला काढते. आणि तू माझंच रडणं उचलून नेलंस.

नम्रता : चुकले मी. काय करू सांग. नोकरी सोडू? सगळं पुसून टाकते फोनमधून, हे बघ, तुझ्यासमोर पुसते.

चंदा : फोनमधनं पुस. मुंबईवाल्याला काढू दे. पण मनालीच्या कानातनं काढ आता. चार दिवस झाले, पोरगी माझ्याशी बोलत नाय. ताट लावलं की उचलून आत नेते. गावात काय बोलतात, ऐकलंस? असं काय केलं असंल त्यानं, की बाईनं रात्रीचा घराबाहेर काढला? नाय तर हिनंच काय केलं असंल. माझ्या चुलत दिराच्या तोंडासमोर बोलली माणसं.

नम्रता : पण तू पुढे बोलली होतीस ना, कशावरून भांडलात ते...

चंदा : बोलले होते! मंग ते कुठं गेलं? प्रज्वलला म्हटलं, लाव ते सगळं, ऐकू दे मला. तर त्यात "मर तिकडं" झालं की नुसती चक्की. पुढचं नायच.

नम्रता : मी कापलं.

चंदा : का?

नम्रता : ते ऐकून तिथले लोक हसले असते. मला भीती वाटली.

चंदा : अगो, मंग हसू द्यायचं होतंस! हसले असते तर हसले असते! एवढंच तर खरं होतं त्यात!

(आतल्या खोलीतून भांडं आपटल्याचा आवाज येतो. मनाली दारात येऊन उभी राहते.)

मनाली : पुढं काय होतं?

चंदा : मनाली, तू आत जा.

मनाली : चार दिवस म्हणतेस बोलत नाय. आता बोलते तर आत जा. आत्या, पुढं काय होतं?

नम्रता : मनू, मी तुला...

मनाली : मला कोणी मनू म्हणू नका. आत्याला माहीत. गोदीमावशीला माहीत. अख्ख्या अंगणाला माहीत. दादरच्या लोकांनी खुर्चीवर बसून ऐकलं. माझेच बाबा, आणि मलाच माहीत नाय.

चंदा : तू लहान होतीस.

मनाली : तेव्हा होते. मंग मोठी झाले तेव्हा? मी रोज तुझ्या बाजूला झोपते, आई. मला त्याचा राग नाय, तू जा म्हटलंस त्याचा. तू मला पण म्हणतेस, मर, जा, तोंड काळं कर. मी मरते का? मला राग याचा आलाय, की त्या पोरीनं विचारलं तेव्हा मला काय उत्तरच देता आलं नाय.

चंदा : मला वाटलं, तुझ्या मनातनं मी उतरेन.

मनाली : आता नाय उतरलीस?

नम्रता : तिच्यावर नको, मनाली. सगळं माझ्यामुळे झालंय.

मनाली : तुझ्यावर पण हाय माझा राग, आत्या. तुझा वेगळा. तो मी नंतर काढीन. आई, तू सांग. फोनमधलं नको मला. तू सांग, कशावरनं भांडलात?

चंदा : मिठावरनं.

मनाली : काय?

चंदा : सुकटीचं कालवण केलं होतं. तुझे बाबा दिवसभर भात कापून आलेले. पहिला घास घेतला आणि म्हणाले, सुकट खारट, त्यात तू आणखी मीठ घातलंस. मी पण दिवसभर कापायला होते, माझी पण कंबर मोडलेली. मी म्हटलं, नाय झालं जास्त, तुमच्याच तोंडाला चव नाय. ते म्हणाले, तूच खाऊन बघ. मी म्हटलं, खायचं तर खा, नाय तर जा खळ्यावर, मर तिकडं. त्या रात्री राखणीची पाळी त्यांची पण नव्हती, कुंडलिककाकांची होती.

मनाली : मंग बाबा काय म्हणाले?

चंदा : काय नाय. हात धुतला, घोंगडी घेतली. ओटीवरनं उतरताना म्हणाले, सकाळी चहात तरी मीठ टाकू नको.

नम्रता : हे तर मलाही माहीत नव्हतं.

चंदा : हे मी रडताना पण बोलले नव्हते.

मनाली : आई.

चंदा : हं.

मनाली : खरंच जास्त झालं होतं का मीठ?

चंदा : झालं होतं गो.