गवत म्हनायचं नाही

बबनराव : थांब, थांब. पयले मले हे सांग धुरपते, हे उपटाले तुले कोनं सांगतलं?

धुरपताबाई : तुमीच, पाटील.

बबनराव : मी?

धुरपताबाई : मंग काय माह्या सासऱ्यानं? काल रिसोडच्या मोटरीले निघाले तवा ओसरीवरून वरडले नाही का तुमी? "धुरपते, वाफा निंदून ठेव. काळं ते ठेवायचं, हिरवं ते उपटायचं." हे पाहा, काळं जिथल्या तिथं हाय. हिरव्याचा एक कोंब राह्यला असन तं दाखवा.

बबनराव : अवं, ते हिरवे कोंब त्याचेच होते! त्याचं नवं पान हिरवंच येते! मंग हळूहळू काळं होते!

धुरपताबाई : हे नाही सांगतलं तुमी.

बबनराव : त्यात सांगाचं काय?

धुरपताबाई : मले काय मालूम बापा. पऱ्हाटीचं पान हिरवं येते, हिरवंच राह्यते. जवारीचंही तसंच. रंग बदलनारं पीक मी आजवर निंदलंच नाही.

प्रयागबाई : हसू नको वं धुरपते. पाटलाचं पीक बुडालं. तलाठ्याले बोलवा लागते आता, आनेवारी लावाले.

बबनराव : तू काहून मधात बोलतं? तू घरातच होती ना? तुले दिसलं नाही हे उपटून राह्यली म्हनून?

प्रयागबाई : दिसलं ना. मले वाटलं, गवत उपटून राह्यली...

बबनराव : गवत म्हनायचं नाही! कितीकदा सांगतलं तुले! मोंडो हाय ते.

प्रयागबाई : मोंढा तं हिंगोलीले हाय. भाऊ कापूस घिऊन जाये तिथी.

बबनराव : मोंढा नाही वं, मोंडो! जपानातलं हाय. नागपूरले साहेबाच्या बंगल्यात रस्त्याच्या दोन्ही आंगानं लावलं होतं. काळंभोर! सतरंजी अंथरल्यावानी. माळ्यानं हाती देऊन सांगतलं मले, म्हने हे गवतच नोहे. कांद्या-लसनाच्या भावकीतलं हाय म्हने.

प्रयागबाई : मंग माहा लसून काय वाईट होता या वाफ्यात? तोही भावकीतलाच होता. त्याले उपटून फेकलं तुमी, सांबारही फेकला, कोथमिरीची एक काडी ठेवली नाही. लसनाचा ठेचा तं होये. या जपानी भावकीचं काय करू, बेसन?

बबनराव : सारंच खायाचं नसते. शोभा नावाची चीज असते जगात.

प्रयागबाई : असते ना. झाली ना शोभा. साऱ्या गावात झाली. तांड्यावरचा धनसिंग इहिरीवर मले विचारते, "पाटलीनबाई, पाटलाची काळी पेरनी कशी हाय यंदा? एकरी किती खंडी उतरते?" मी घागर डोक्यावर घेतली अन् खाली मान घालून घरी आली.

धुरपताबाई : माही शेळी आलती इकडं उन्हाळ्यात.

बबनराव : खाल्लं तिनं?

धुरपताबाई : नाही. वास घेतला अन् चालली गेली. ते बोराटीचे काटे खाते, पाटील. माह्या नवऱ्याचं, किसनसिंगाचं धोतर खाल्लं तिनं. पन तुमच्या वाफ्याले तिनं तोंड लावलं नाही.

बबनराव : जनावराले काय कळते?

प्रयागबाई : मानसाले तरी कुठी कळते? जे पाह्यते ते विचारते, पाटलाले काय झालं? जनम गेला आमचा वावरातलं गवत काहाडन्यात...

बबनराव : पुन्हा!

प्रयागबाई : वावरातलं म्हनलं मी! वावरातल्याले तरी म्हनू द्या! तर जनम गेला ते काहाडन्यात, अन् यायनं नागपूरहून आनून पेरलं. तेही डब्यात. तेही मांडीवर. धुरपते, तुले सांगतो, मले म्हनले होते, नागपूरले चाललो, तुले लुगडं आनतो. रात्री मोटरीतून उतरले तं हातात घासलेटचा डबा. मी म्हनलं, लुगडं? तं म्हने, राह्यलंच. डबा सांभाळू का लुगडं घेऊ?

बबनराव : मोटर किती आदळे त्या दिवशी, तुले मालूम नाही.

प्रयागबाई : पोटुशी बाई आनल्यावानी आनलं, धुरपते. डायवरले म्हने, हळू चालव बा.

धुरपताबाई : अगं माय!

बबनराव : हसून घ्या. सारं गाव हसलं, तुमीही हसा. पन एक सांगतो, काही येरीगबाळी चीज नाही ते. त्याले सावली लागते. ओल लागते, पन पानी साचलेलं चालत नाही. कडूलिंबाचा पाला कुजवून टाकला मी. वीत वीत अंतर सोडून लावलं. उन्हाळ्यात त्याच्यावर मांडव घातला.

प्रयागबाई : माह्या लगनातल्या हिरव्या लुगड्याचा! इहिरीचा तळ दिसे तवा अन् बायका घागर भराले रात्र काढत. यायनं दोन घागरी इथी रिचवल्या. मी इचारलं तं म्हने, त्याचा जीव चालला. माह्या जिवाचं कोनी इचारलं नाही.

धुरपताबाई : साहेबानं देलं कसं पन तुमाले? एवढी मोलाची चीज?

बबनराव : साहेब नव्हताच. राजधानी गेली ना नागपूरची, मुंबईले. साहेबलोक गेले. बंगला रिकामा पडला होता, माळी एकटा होता. तो म्हने, घिऊन जा राव, कोनी पाह्यनारं नाही आता.

प्रयागबाई : आता बोला! उठलेल्या घराच्या दारातलं आनलं तुमी. अन् कुठी लावलं? आपल्या दारात.

बबनराव : त्याले काय होते?

प्रयागबाई : वावराले आपन काळी म्हनतो अन् गावाले पांढरी. बापजाद्यानं दोन्ही येगळ्या ठेवल्या. तन वावरात उगवन तं उगवन, अंगनात उगवू द्यायचं नाही. दारात उगवलं म्हंजे समजायचं, घर उठलं. अंदर दिवा लावाले कोनी नाही राह्यलं. अन् तुमी काळी उचलून पांढरीत आनली. उंबऱ्यापाशी.

बबनराव : जुन्या गोष्टी सांगू नको मले.

धुरपताबाई : पाटील, मी एक बोलू? उगा तोंड लपवून पळून जाईन अशी मी नाही. चुकलं असन तं चुकलं. पन मी हिरवं का काळं एवढंच पाह्यलं. तुमी असं दुखनं आल्यावानी काहून करून राह्यले?

बबनराव : दोन वरसं झाले त्याले, धुरपते. दोन वरसं नुसतं होतं तसंच उभं राह्यलं. जगेही नाही, मरेही नाही. यंदा पयल्यांदा बाजूनं कोंब फुटले. रोज सकाळी येऊन मी पाहो. आज इकडून एक निघाला, उद्या तिकडून एक.

प्रयागबाई : रोज सकाळी? मले वाटे, दात घासून राह्यले.

बबनराव : दात घासतच पाहो.

प्रयागबाई : अन् मले सांगतलंही नाही?

बबनराव : तू हसली असती.

प्रयागबाई : हसलीच असती. मंग? हसल्यानं कोंब सुकत नाही.

बबनराव : जाऊ दे. धुरपते, कुठी टाकले ते उपटलेले?

धुरपताबाई : ते काय, भितीपाशी ढीग हाय. उकंड्यावर न्यायचे होते आता.

प्रयागबाई : थांबा. ढीग कुठी पळून नाही जात. आता धुरपतेपुढेच मले एक सांगा. उद्या माहा भाऊ येते शेलूबाजारहून. त्याले काय सांगू?

बबनराव : तो विषय आता काहाडू नको. चारचौघात काहाडाचा विषय हाय काय तो?

प्रयागबाई : इथी कुठी चारचौघं हायेत? धुरपता हाय. अन् तिले सारं मालूम हाय.

धुरपताबाई : तांड्यावर साऱ्याइले मालूम हाय.

प्रयागबाई : पाहा. माही बहीन मेली, तिचा नवरा पयलेच गेलता. तिची रुख्मिणी सा वरसाची पोट्टी. भावजय तिले सकाळपासून शेनात उभी करते. अन् आता पोरीचा चुलता आला, म्हने मी घिऊन जातो, खंडव्याकडं, गिरनीवर. भाऊ म्हनते, आक्का, तू "हो" म्हन, मी पोरगी इथी आनून सोडतो. उद्या "हो" नाही म्हनलं तं ते गेली. कायमची गेली. मी हे दिवाळीपासून इचारून राह्यली. तुमी काय म्हनले मले?

बबनराव : काय म्हनलं?

प्रयागबाई : आठवत नाही? मले आठवते. जेवताना म्हनले. मी भाकर वाढत होती. "बाहेरचं रोप आपल्या मातीत लागत नाही. परक्या रगताची पोरगी, आपल्या घरचा रंग तिले चढत नाही."

बबनराव : मंग, खोटं म्हनलं? अन् पोरगी! उद्या लगन करून चालली जाईन. भाऊबंद काय म्हनतीन? भावकीतला रामराव काय म्हनन?

प्रयागबाई : रामराव काय म्हनते! तो तुमच्या डब्याले हसला, पोरीलेही हसन. हसनाऱ्यानं कोनाचं अडलं? अन् आताच तुमी धुरपतेवर काय वरडले? "नवं पान हिरवंच येते, मंग हळूहळू होते." कोनाचं पान? जपानचं! जपानचं रोप आपल्या मातीत लागते, रंग धरते, त्याले मांडव लागते, घागरी लागतात. अन् माह्या बहिनीची पोरगी लागत नाही? काहून वं धुरपते, शेलूबाजार जपानच्या पलीकडं हाय काय?

धुरपताबाई : नाही माय. मोटर जाते ना रोज.

बबनराव : तू चूप राह्य धुरपते!

धुरपताबाई : मले इचारलं म्हनून बोलली.

प्रयागबाई : बोलू द्या तिले. कोनी तं बोलावं. अन् आज मीही बोलतो, इतके दिवस बोलली नाही ते. तुमची माय गेली त्या रात्री काय म्हनली मले? आठवते? तुमी उशाशी होते.

बबनराव : प्रयाग, जाऊ दे.

प्रयागबाई : "तुह्या पायानं माह्या दारात गवत उगवन." हेच म्हनली ना? मरत मरत म्हनली. तवापासून मी रोज झाकटीत उठून अंगन खुरपतो. ताप असो, पाऊस असो. एक काडी उगवू देली नाही. कोनी वाटेनं जाईन, पाहीन अन् म्हनन, पाहा, म्हातारीचं खरं झालं. अन् तुमी... तुमी आपल्या हातानं आनून लावलं, अन् मले म्हनता, गवत म्हनायचं नाही.

बबनराव : लोकं हसतात म्हनून थांबवत होतो मी.

प्रयागबाई : लोकाइले नव्हते तुमी थांबवत. तुमाले स्वोताच्या कानानं आयकाचं नव्हतं. मायचं बोलनं तुमालेही आठवे. हो का नाही?

बबनराव : रोजच आठवे.

प्रयागबाई : मंग लावलं काहून?

बबनराव : त्या माळ्यानं सांगतलं, राव, हे एकदा लागलं का बाजूबाजूनं पिल्लं देते. देतच राह्यते. मले वाटलं, दारात काही तं वाढन. सकाळी उठून पाहाले काही तं होईन. सारे सकाळी उठून आपआपल्या पोराइवर वरडतात. मी कोनावर वरडू?

प्रयागबाई : माह्यावर वरडता ना.

बबनराव : तू काय आयकतं?

धुरपताबाई : पाटील, रडता काय?

बबनराव : नाही वं. सरदी झाली मोटरीत.

धुरपताबाई : तं मंग आयका. निंदनारीनं मूळ ठेवलं तं दुसऱ्या पावसात तन पुन्हा वर येते, अन् लोकं म्हनतात, धुरपतेनं काम चोरलं. म्हून मी खुरपं खाली घालून, मुळासकट काहाडतो. तुमचे कोंब मुळासकट हायेत. माती लागली हाय अजून. मेलेले नाहीत. आता लावले तं लागतीन.

प्रयागबाई : सरक तिकडं. मी येचतो. त्या भितीपाशीच हायेत ना?

(प्रयागबाई खाली बसून उपटलेले कोंब पदरात येचू लागते. बबनरावही तिच्या बाजूले बसतो.)

बबनराव : हळू. मुळी तुटन.

प्रयागबाई : मले शिकवू नका. हे पाहा, याले दोन पानं हायेत. किती हिरवं हाय हो. काळ्यापेक्षा हेच चांगलं दिसते.

बबनराव : होईन काळं. घाई काय त्याले.

धुरपताबाई : लावू कुठी, पाटील? वाफ्यातच?

बबनराव : वाफ्यात नको. तिथं हिचा लसून लाव. सांबारही लाव. काळंही काहाड, अन् हे सारं तिकडं, गोठ्याच्या भितीच्या सावलीत लाव. दारातून दिसलं नाही पाहिजे.

प्रयागबाई : अन् वाफ्यापासून गोठ्यापर्यंत एवढी सारी मधली जागा? तिथी काय लावाचं?

बबनराव : काही नाही. मोकळी राहू दे.

प्रयागबाई : मोकळी कायले?

बबनराव : भाऊ किती वाजता येते तुहा?

प्रयागबाई : सकाळच्या मोटरीनं. पन जागा मोकळी कायले, ते सांगा ना.

बबनराव : आता तेही माह्याच तोंडून काहाडतं काय? पोट्टी येईन ते कुठी खेळन? तुह्या डोक्यावर?

धुरपताबाई : आई माय... पन पाटील, पोट्टी तं साऱ्या अंगनात धावन. गोठ्यापाशी गेल्याशिवाय राह्यते काय? तुमचं मोंडो तुडवून टाकन ना ते.

बबनराव : तुडवू दे. गवतच हाय ते.