शहाण्याची करामत

खोटं वाटेल तुम्हाला, पण ऑफिसातल्या माधववर मी महिनाभर नुसती जळत होते.

लातूरला आम्ही शाळांच्या वेबसाइट बनवतो. कुणीही नवीन पान तयार केलं, हजेरीचं असो की निकालाचं, तर ते साइटवर दिसण्यासाठी त्याचं नाव कोडमधल्या यादीत मीच टाकायचे. सगळे माझ्या टेबलापाशी यायचे, "ताई, तेवढं आमचं पान जोडा की." मग अहमदपूरचा माधव रुजू झाला. त्यानं असं कोड लिहिलं, की फाइल फोल्डरमध्ये टाकली की साइट ती स्वतःच शोधून मेनूत दाखवणार. माझ्या टेबलाकडं कुणी फिरकेना.

एका दुपारी चिडून मी त्या फोल्डरमध्ये एक रिकामं पान टाकलं आणि नाव दिलं 'शहाण्याची करामत'. साइटवर काहीच दिसलं नाही. चालत नाही याचं कोड, म्हणून मी खुशीत घरी गेले.

सकाळी सर्व्हर पुन्हा सुरू झाला, तेव्हा कुठं कोडनं फोल्डर वाचलं आणि पान मेनूत आलं. समोर एक मुख्याध्यापक साइट बघत बसलेले.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

माधव शांतपणे म्हणाला, "चाचणी हाय सर. नवीन पान आपोआप येतंय का, ते बघायला ताईंनी टाकलं होतं."

सर गेल्यावर मी म्हटलं, "माधव, ते नाव तुझ्यावरच होतं."

"कळलं ताई. पण कोड चाललं ना?"

आता सांगा, अशा माणसावर धड जळता तरी येतं का?